निबंधाचा वर्ग: तीन रविवार वसूल, चौथा वाया

माझं दुकान बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या अलीकडे. टीव्ही, ॲम्प्लिफायर, इन्व्हर्टर दुरुस्त करतो. दहावीनंतर निबंध नावाच्या प्रकाराशी माझा काही संबंध उरला नव्हता. मुलगी यंदा एफवायला आहे. तिच्या कॉलेजातून एका स्पर्धेसाठी दोन हजार शब्दांचा संशोधनपर निबंध पाठवायचा होता. विषय जगाचा हवा, एक बाजू घेऊन ती पटवून द्यायची आणि आधार दाखवायचे, अशा अटी. तिने ई-कचरा निवडला. बापाचं दुकानच त्या मालाने भरलेलं, दुसरं काय निवडणार! म्हणून हा वर्ग लावला. चार रविवार, साडेनऊ ते साडेबारा, फी २,४०० रुपये. पालकांना पहिल्या दिवशी बसू देतात. मी पुढेही बसलो, बाईंनी उठवलं नाही.

पहिल्याच दिवशी बाईंनी सगळ्यांचे कच्चे खर्डे घेतले आणि प्रत्येकाचा पहिला परिच्छेद पेन्सिलीने उडवला. आमच्या कन्येचा 'आजच्या आधुनिक युगात' असा सुरू होत होता, तो तर न वाचताच गेला. मग तिला विचारलं, "यातलं असं एक वाक्य दाखव, ज्याला कुणीतरी 'नाही' म्हणेल." तिने दाखवलं, 'ई-कचरा ही गंभीर समस्या आहे.' बाई म्हणाल्या, "याला कोण नाही म्हणणार? मग पटवायचंय कुणाला?"

त्या एका वाक्यावर पूर्ण तीन तास गेले. शेजारी बसलेल्या एका आईची चुळबुळ चालली होती, पैसे कशाचे घेतात म्हणून. मला मात्र पटलं. बंद टीव्हीत दोष शोधायला दोन तास जातात आणि सोल्डरिंगचा डाग द्यायला दोन मिनिटं. गिऱ्हाईक ती दोनच मिनिटं बघतं. साडेबारापर्यंत मुलीचं वाक्य असं झालं: 'श्रीमंत देशांतून येणाऱ्या जुन्या उपकरणांवर सरसकट बंदी नको, चालू असल्याची तपासणी निघण्याआधीच व्हावी आणि तिचा खर्च पाठवणाऱ्याने सोसावा.' याला नाही म्हणणारे ढीगभर सापडतील.

दुसऱ्या रविवारी न्यायशास्त्र, कोर्टाचं नव्हे, तर्काने पटवण्याचं जुनं भारतीय शास्त्र. मी दचकलोच, पण पोथी उघडली नाही. डोंगरावर धूर दिसतोय म्हणजे तिथे आग आहे, हे समोरच्याला पटवायचं तर पाच पायऱ्या: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. आग आहे, कारण धूर आहे, जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात, तसाच धूर या डोंगरावर आहे, म्हणून आग आहे. बाईंचं म्हणणं, पोरं पहिल्या तीन पायऱ्या चढतात, चौथी गाळतात आणि थेट 'म्हणून'वर उडी मारतात.

मुलीच्या खर्ड्यात तसंच होतं. घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्यावरचा बाझल करार १९८९चा, लागू झाला १९९२ला. श्रीमंत देशांनी घातक कचरा गरीब देशांत पाठवू नये ही त्यातली दुरुस्ती १९९५ला ठरली आणि लागू व्हायला डिसेंबर २०१९ उजाडला. अमेरिकेने करारावर १९९०ला सही केली, पण मान्यता आजवर दिलेली नाही. सगळं बरोबर, आणि तिथेच परिच्छेद संपला. समासात बाईंचं पेन्सिलीतलं 'बरं मग?' अख्ख्या खर्ड्यात ते चार ठिकाणी होतं. घरी येऊन तिने उपनय लिहिला: करार कचऱ्यापुरता आहे, म्हणून पाठवणारा बंद मालालाही 'सेकंडहँड' म्हणतो. २०२५च्या १ जानेवारीपासून बिनधोक ई-कचऱ्यालाही घेणाऱ्या देशाची आधी संमती लागते खरी, पण एखादी वस्तू कचरा आहे की नाही, हा वाद तसाच राहतो. म्हणून तपासणी निघण्याच्या जागी हवी. आता ती तारखांची यादी कामाला लागली.

आकड्यांची झाडाझडती त्याच दिवशी झाली. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातल्या २२.३ टक्क्यांचंच रीतसर संकलन आणि पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. मुलीने पुढे ठोकून दिलं होतं, 'उरलेला ७८ टक्के कचरा गरीब देशांत जातो.' बाईंनी 'जातो'वर गोल काढला. नोंद नाही म्हणजे परदेशी गेला असं नाही. घरोघरी खणात पडलेले जुने मोबाइल त्यातच आले, भंगारवाल्याने गल्लीतच फोडलेलाही त्यातच आला. माझ्या माळ्यावरच्या पिक्चर ट्यूब मला आठवल्या. मी गप्प बसलो.

फी वसूल झाली ती तिसऱ्या रविवारी. विषय पूर्वपक्ष. विरोधकाचं म्हणणं आपण आधी मांडायचं, आणि असं मांडायचं की तो स्वतः वाचून म्हणाला पाहिजे, 'हो, हेच माझं म्हणणं.' शेवटून दुसऱ्या परिच्छेदात 'काही लोकांना असे वाटते, परंतु ते चूक आहे' एवढ्यावर उरकायचं नाही. यासाठी बाईंनी एक खेळ घेतला: आपल्या निबंधातला सगळ्यात आवडता आकडा काढा आणि तो विरोधकाच्या तोंडून बोलवा.

मुलीचा आकडा घानाचा होता. २००९ साली त्या देशात आयात झालेल्या विद्युत उपकरणांपैकी साधारण ७० टक्के वापरलेली होती आणि त्या वापरलेल्यांतली साधारण ३० टक्के बंद निघाली. हा आकडा 'बघा, कचरा लादतात' म्हणून तिने वापरला होता. समोरच्या पोराला विरोधक केलं. तो म्हणाला, "म्हणजे दहातली सात चालू होती की! नवा फ्रीज न परवडणाऱ्याला तुम्ही जुनाही मिळू देणार नाही?" ही गप्पच झाली. मग बाईंनी माझ्याकडे मान वळवली. "तुम्ही सांगा, बंद म्हणजे काय?"

मी सांगितलं, बंद दोन तऱ्हेचं. कपॅसिटर फुगला असेल तर टीव्ही बंदच, पण किरकोळ खर्चात चालू होतो. पॅनेल फुटलं असेल तर तोही बंदच, आणि त्याला इलाज नाही. मुलीने वळून माझ्याकडे असं बघितलं, जसं मी हे घरी कधी बोललोच नव्हतो. (रोज बोलतो. जेवताना.)

तिथून निबंध फिरला. घानाची राजधानी अक्रा, तिथल्या अगबोगब्लोशीतला भंगारबाजार २०२१ला पाडला हे तिच्याकडे आधीपासून होतं, फक्त भंगार जाळण्याच्या धुराच्या चित्रासाठी. आता ते पूर्वपक्षाच्या उत्तरात गेलं: बाजार उठवला म्हणून माल यायचा थांबत नाही, तो फोडणारे हात दुसरीकडे बसतात. माझ्या दुकानाची वही घेऊन एका महिन्याच्या नोंदीही तिने मोजल्या. निम्म्याहून जास्त माल चालू होऊन परत गेला होता. बाईंनी ते ठेवू दिलं, पण 'पुण्यातल्या एका दुकानात' असं लिहायला लावून. एका दुकानावरून जगाचं अनुमान काढायचं नाही, अशी ताकीदही दिली. बापाचं दुकान असलं तरी.

आता तक्रारी. चौथा रविवार वाया गेला. 'प्रभावी शेवट' या नावाखाली एका पाहुण्या वक्त्याने सुभाषितं, शेर आणि थोरांची वचनं लिहून दिली. तीन रविवार बाईंनी जी सवय मोडली, तीच या गृहस्थांनी अडीच तासांत परत लावली. आमच्या घरी तो कागद फ्रिजच्या मागे गेला. संदर्भ कसे द्यायचे, स्रोत खरा की खोटा कसा ओळखायचा, हे शेवटच्या वीस मिनिटांत उरकलं. संशोधनपर निबंधाचा वर्ग म्हणायचं तर त्याला एक अख्खा रविवार हवा.

वर्गात आठच मुलं घेऊ असं सांगितलं होतं, होती चौदा. छापील टिपणं झेरॉक्सची झेरॉक्स, तक्त्यातले बाण वर जातात की खाली तेही कळत नाही. दुसरा खर्डा आठवड्यात तपासून देणार होते, तो मिळाला निबंध पाठवायच्या आदल्या रात्री साडेनऊला. त्यातली एक सूचना इतकी रास्त होती की मुलगी दोनपर्यंत जागली. आठ दिवस आधी मिळती तर निबंध आणखी सुधारला असता.

बक्षीस मिळालं नाही, उत्तेजनार्थमध्ये नाव आलं. विज्ञानाच्या मुलांना वर्ग जड जाईल असं वाटलं होतं, पण त्यांचंच जास्त जमलं. ज्यांना तयार निबंध हवाय त्यांनी जाऊ नये, बाई एक वाक्यही लिहून देत नाहीत.

पाचपैकी साडेतीन तारे. घालणार असाल तर खर्डा कधी परत मिळणार ती तारीख पावतीवरच लिहून घ्या आणि पंखा हवा असेल तर सव्वानऊला पोचा, खिडकीकडच्या रांगेवर फिरत नाही. दुरुस्त करून देतो म्हणालो होतो, बाई म्हणाल्या बॅच संपल्यावर.