सिमेंटच्या कुंड्यांच्या ‘माल परत घेऊ’ योजनेत माझे 55,820 रुपये गेले

आधी हिशेब लिहिते. फसवणुकीबद्दल लिहिताना लोक रक्कम लपवतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, हजार-दोन हजारांचा मामला असेल.

नोंदणी 2,100 रुपये, रोख. फायबरचे 10 साचे, एक 3,450 ला, म्हणजे 34,500. ‘हार्डनर केमिकल’चे 5 कॅन 6,200. साचे पोहोचवायचं भाडं 1,800. आणि शेवटी, सगळं दिसत असतानाही, ‘टेक्निकल फेरतपासणी फी’ म्हणून 3,500. योजनावाल्यांच्या घशात गेले 48,100. त्यावर माझं सिमेंट 7 बॅग 2,520, रेती अर्धा ब्रास 3,000, माल तालुक्याला नेण्या-आणण्याचं गाडीभाडं 2,200. एकूण 55,820. यातले 30,000 बचत गटातून शेकडा दोनने उचललेले आहेत. महिन्याचे 600 रुपये नुसतं व्याज जातं.

‘मशीन घ्या, माल बनवा, आम्ही परत घेऊ’ हा प्रकार कसा चालतो ते तुम्हाला सांगायला नको. इमू पक्षी पाळण्यात लोक बुडाले, कडकनाथ कोंबड्यांत बुडाले, अगरबत्तीच्या मशीन कित्येक घरांत गंज खात पडल्या आहेत. मलाही हे माहीत होतं. मी अडाणी नाही, बी.ए. झालेली आहे, गटाचं दप्तर सहा वर्षं मी लिहिते. तरी फसले, कारण हा माणूस माझ्याच कामाचं घेऊन आला होता.

सिमेंटच्या कुंड्या मी सात वर्षांपासून घरी करते. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातलं आमचं गाव, अंगण मोठं, आणि मातीची कुंडी दोन उन्हाळ्यांत पापुद्रे सुटून फुटायची. म्हणून सुरुवात केली. जुना टॉवेल सिमेंटच्या पातळ घोलात बुडवून उलट्या बादलीवर पसरायचा, वाळला की घड्या पडलेली कुंडी तयार. मग दोन घमेल्यांचा साचा केला. मोठ्याला आतून, लहानाला बाहेरून गॅरेजमधलं जळकं ऑइल लावायचं, मधे एकास तीन सिमेंट-रेती ठासायची, तळाला पीव्हीसी पाइपचा तुकडा ठेवायचा म्हणजे भोक राहतं. दुसऱ्या दिवशी काढायची आणि पाण्याच्या टाक्यात सात दिवस बुडवून ठेवायची. गेल्या वर्षी संक्रांतीच्या वाणाला छोट्या 40 कुंड्या केल्या होत्या, त्यात तुळशीचं रोप लावून दिलं. बायकांनी फार कौतुक केलं. ते कौतुकच माझ्या अंगाशी आलं असं आता वाटतं, कारण माझं नाव त्यामुळेच या योजनावाल्यांपर्यंत गेलं.

फेब्रुवारीत, कापसाचे पैसे हातात आलेले असताना, माझी मामेबहीण त्यांना घेऊन आली. ती दुसऱ्या गावच्या गटात आहे. तिने स्वतः पैसे भरले होते आणि तिला दर सभासदामागे 1,500 देणार असं सांगितलं होतं. तिला एक रुपयाही मिळाला नाही, तिचेही गेले. तिच्यावर माझा राग नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण नात्यात त्यावरून बरंच बोलणं झालं आहे.

आमच्या समाजमंदिरात 23 बायका होत्या. दोघं आले होते. त्यातला ‘साहेब’ म्हणवणारा इस्त्रीच्या शर्टातला. टेबलावर फायबरचा साचा आणि शेजारी त्यातून निघालेली 12 इंची कुंडी. कुंडी खरंच सुंदर होती. गुळगुळीत, हलकी, काठ एकसारखा. एका कुंडीला 85 रुपये देणार. मी तिथेच कागदावर हिशेब केला. सिमेंट-रेती मिळून 20 रुपयांच्या आत. दहा साच्यांतून रोज दहा कुंड्या. हिशेब बरोबर होता. तो चुकला नव्हता, आजही चुकलेला नाही. म्हणून कोणी मला ‘लालच केली’ म्हणालं की माझ्या अंगाची आग होते. रोज साडेसहाशे रुपये घरबसल्या मिळावेत ही लालच नाही, सोयाबीन निंदायला गेलं तरी बाई दिवसाच्या मजुरीचा हिशेब करतेच.

आता ते सांगते ज्यासाठी हे लिहायला बसले.

साचा तीन तुकड्यांचा होता. नट-बोल्टने जोडलेला, तीन फाळी. ज्याने एकदाही साच्यातून काही काढलं आहे त्याला माहीत असतं की जिथे साचा जुळतो तिथे मालावर बारीक रेघ उठते. नंतर घासून ती कमी करता येते, पण बोटाला लागते. तीन फाळींच्या साच्यातून निघालेल्या कुंडीवर तीन रेघा पाहिजेत. मी कुंडी हातात घेतली. सवयीने अंगठा काठाखालून गोल फिरवला. एक रेघ लागली. अर्धा फेरा झाला, दुसरी लागली, बरोबर समोरासमोर. मग परत पहिली. दोनच.

ती कुंडी त्या साच्यातली नव्हती. माझ्या अंगठ्याला ते त्या क्षणी कळलं होतं. मी परत एकदा फिरवून पाहिलं. आणि मी गप्प राहिले. मनाशी म्हटलं, आधीच्या साच्यातली असेल, नवा साचा सुधारून काढला असेल. 23 बायकांसमोर ‘साहेब, ही कुंडी या साच्यातली नाही’ म्हणायला मला संकोच वाटला. मामेबहीण शेजारी बसली होती, तिचा अपमान होईल असं वाटलं. चार महिने झाले, भाकरी थापताना, झोपताना, तो अंगठा माझ्या डोळ्यांसमोर येतो. एक वाक्य बोलले असते तर माझेच नाही, त्या दिवशी सही केलेल्या आणखी सहा जणींचे पैसे वाचले असते.

दुसरी खूण तिथेच होती. तो म्हणाला, आमच्या केमिकलमुळे तराईची, म्हणजे पाणी देऊन ओलं ठेवायची, गरज नाही. सिमेंट पाण्यावर पोसतं. ते वाळून नाही, पाण्याशी संयोग होऊन कडक होतं, आणि पूर्ण ताकद यायला 28 दिवस धरतात. आपल्याकडे मार्चपासून जे ऊन पडतं त्यात तराई न केलेली कुंडी पंधरा दिवसांत केसासारख्या चिरा धरते. ही गोष्ट गवंड्याच्या हाताखालचं पोरगंही सांगेल. मी त्याचं ऐकलं नाही, तराई केलीच, पण तो खोटं बोलतोय असंही म्हटलं नाही.

पैसे पाठवताना स्कॅन केलं तर संस्थेचं नाव न येता कुणा बाईचं नाव आलं. विचारलं तर ‘आमच्या अकाउंटंटचं खातं आहे’. स्क्रीनवर दिसतं त्या नावाने दुकान चालत नसेल तर तिथेच थांबा. मी 42,500 पिन टाकून पाठवले.

पुढे मार्च-एप्रिल मी पहाटे पाचला उठून काम केलं. ऊन चढायच्या आत दहा साचे भरायचे, वर ओला बारदाना. तिसऱ्या दिवशी एक साचा केमिकल टाकून आणि एक न टाकता भरला. दोन्ही सकाळी सारखेच निघाले. 6,200 रुपये पाण्यात गेले हे तेव्हाच कळायला हवं होतं. मी उलट खूश झाले की आता केमिकल वाचवता येईल. 212 कुंड्या झाल्या, 9 फुटल्या. 203 गाडीत भरून मे महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी त्यांनी सांगितलेल्या जागी नेल्या.

तिथे एक पोरगा लटकता काटा घेऊन उभा. एक कुंडी अडकवली, 6.2 किलो. त्याने करारनामा काढला, कलम 11 वर बोट ठेवलं: वजन 4.5 किलोच्या वर असल्यास माल नाकारण्यात येईल. 203 च्या 203 नापास. मग फोन लावून दिला, ‘साहेब’ गोड बोलले, फेरतपासणीत वजनाची सूट मिळते ताई, 3,500 भरा, आठ दिवसांत पास करून देतो. मी भरले. उन्हात गाडीवाला खोळंबला होता, 17,255 रुपयांचा माल समोर होता, आणि इतके गेलेत तर हे वाचवू असं वाटलं. त्यानंतर तो नंबर लागलेला नाही.

घरी आल्यावर मी साचा उलटा करून त्याच्या दोन भिंतींमधल्या पोकळीत लिटरच्या मापाने पाणी ओतत गेले. तीन लिटर बसलं. एक लिटर सिमेंट-रेती दोन किलोच्या वर भरतेच. म्हणजे त्या साच्यातून सहा किलोच्या खाली कुंडी निघूच शकत नाही, कोणीही करो, कशीही करो. नापास करण्यासाठीच साचा बनवला होता आणि कलम 11 लिहिलं होतं. धंदा कुंड्यांचा नव्हताच, साचे विकण्याचा होता. पाच मिनिटांचं काम आणि घरात असलेलं माप. कोणताही साचा घ्याल तर आधी पाणी भरून मोजा आणि करारातल्या वजनाशी ताडून पाहा.

आता सरकारी दारांचं. ठाण्यात पहिल्यांदा गेले तर ‘करार हाये ना ताई? मंग हे दिवानी हाये, कोर्टात जा.’ दुसऱ्यांदा वेगळे साहेब होते, ते म्हणाले त्यांचं ऑफिस नागपूरला, तिकडच्या ठाण्यात द्या. मी नागपूरला गेले. करारावरच्या पत्त्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान, मालक म्हणाला आठ महिन्यांपासून मीच आहे इथे. तिथल्या ठाण्यात सांगितलं, पैसे तुमच्या गावात दिले, तिकडेच द्या. तिसऱ्यांदा आमच्याच ठाण्यात गेले तेव्हा एकाने आमच्या ह्यांच्याकडे पाहून विचारलं, ‘बाईले कोन सांगतलं होतं पैसे पाठवाले?’ मी समोर उभी होते. अर्ज मी लिहिलेला, सही माझी, पैसे माझे, आणि प्रश्न नवऱ्याला. त्या दिवशी बसस्टँडवर मी रडले ते पैशांसाठी नाही.

कुठल्याही ठाण्यात गुन्ह्याची खबर देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, हे मला नंतर एका वकील बाईंनी सांगितलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ते आहे. ठाण्याने नाकारलं तर तीच तक्रार पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. पूर्वीचं 420 म्हणजे आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम 318, आणि मुद्दाम पूर्ण न होणारी अट घालून पैसे घेणं हे दिवाणी नाही. हे तीन खेपांत मला कोणी सांगू नये? भिंतीवर नागरिकांच्या हक्कांचा फलक लावलेला आणि त्याखाली बसून मला परत पाठवलं.

बँकेत म्हणाले, तुम्ही स्वतः पिन टाकला, आमचा संबंध नाही. पैसे गेल्या गेल्या 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात. मी दीड महिना ‘साहेबां’च्या आठ दिवसांची वाट पाहिली, ही चूक माझी.

उद्योगाच्या सरकारी कचेरीत मी त्यांचं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा कागद, दाखवलं, ज्याची लॅमिनेटेड प्रत त्यांनी समाजमंदिरात फिरवली होती. तिथला कारकून म्हणाला, हे कोणालाही मिळतं. खरं आहे, ऑनलाइन, फुकट, स्वतःच माहिती भरून. मग ज्या कागदाने काहीच सिद्ध होत नाही त्यावर सरकारचं चिन्ह पाहून माझ्यासारखीने काय समजायचं? प्रमाणपत्र दाखवणाऱ्याला आधी माल घेतलेल्या तीन बायकांची गावं विचारा आणि स्वतः जाऊन या. फोनवर बोलणं करून देतात ते ऐकू नका, ती त्यांचीच माणसं असतात.

ग्राहक आयोगाबद्दल एकाने घाबरवलं की तुम्ही धंद्यासाठी साचे घेतले, तुम्ही ग्राहक नाही. तसं नाही. केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगाराला घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाचीच खरेदी धरतात, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. मी तक्रार तयार केली आहे. करारावर त्यांच्या बाजूने नुसता रबरी शिक्का आहे, खाली माणसाचं नाव नाही. तुम्ही सही कराल तेव्हा समोरच्याची सही, नाव आणि आधारची प्रत मागा. टाळाटाळ केली की उठून या.

203 कुंड्या अंगणात रांगेने आहेत. चांगल्या आहेत, माझ्या हाताच्या आहेत. दोन-दोन दिवसांनी पाणी बदलत आठवडाभर भिजवून चुन्याचा पांढरा अंश काढला आणि आठवडी बाजारात 70 रुपयांनी बसले. आतापर्यंत 58 गेल्या, 4,060 रुपये आले. व्याज तेवढं निघतं.

परवा मामेबहिणीचा फोन आला. तिच्या सासरच्या बाजूला, वर्धा नदीच्या पलीकडच्या एका गावात येत्या मंगळवारी कुंड्यांच्या साच्यांचं प्रात्यक्षिक आहे. संस्थेचं नाव दुसरं, भाव 90 रुपये. पत्रकावरचा फोटो तिने पाठवला, तीच कुंडी. ठाण्यात लेखी दिलं आणि पोच घेतली. मंगळवारी मी साचा, लिटरचं माप आणि बाजारातला काटा घेऊन जाते आहे. आमच्या सहाही जणी येणार आहेत.