रिटनहाउस चौकासमोरचे ‘पार्क’

शहराचा संस्थापक विल्यम पेन याच्या १६८२ च्या आराखड्यात फिलाडेल्फियाच्या वाट्याला जे पाच चौक आले, त्यांतील नैऋत्येचा चौक म्हणजे आजचे रिटनहाउस स्क्वेअर. या हिरव्या चौकाला त्याचे सध्याचे रूप १९१३ मध्ये पॉल क्रे या वास्तुविशारदाने दिले. क्रे मूळचे फ्रान्समधील ल्यों शहराचे. चौकात सापाला पंजाखाली चिरडणारा जो कांस्यसिंह आहे, तोही आंत्वान-लुई बारी या फ्रेंच शिल्पकाराचाच. त्यामुळे २००८ मध्ये उपाहारगृहांचे व्यावसायिक स्टीफन स्टार यांनी अठरावा रस्ता आणि लोकस्ट स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर ‘पार्क’ हे फ्रेंच बिस्त्रो उघडले, तेव्हा त्यांनी जागा अगदी नेमकी हेरली होती असे मला वाटते. फ्रेंचमध्येही या शब्दाचा अर्थ बागच, आणि पदपथावरच्या वेताच्या खुर्च्या एकमेकींकडे नव्हे, तर त्या बागेकडे तोंड करून मांडलेल्या असतात.

बिस्त्रो म्हणजे खरे तर एखाद्या कुटुंबाने चालवलेली, चार-सहा टेबलांची खाणावळ. त्या अर्थाने ‘पार्क’ फारच मोठे आहे. आकार पाहता त्याला ब्रासरी, म्हणजे मोठे, गजबजलेले फ्रेंच उपाहारगृह, म्हणणेच योग्य ठरेल. स्वयंपाक मात्र बिस्त्रोचाच आहे: नवलाईचा हव्यास न धरता, ठरलेले पदार्थ ठरलेल्या रीतीने रोज करायचे. माझ्या दृष्टीने या जागेचे मोठेपण यातच आहे.

सुरुवात पावाच्या टोपलीने होते. तिच्यातील क्रॅनबेरी आणि अक्रोड घातलेला पाव मला इतका आवडतो की पुढच्या पदार्थांसाठी पोटात जागा ठेवण्याचे भान मुद्दाम बाळगावे लागते. त्यानंतर कांद्याचे सूप घ्यावे. पातळ चिरलेला कांदा मंद आचेवर, घाई न करता, गडद तपकिरी होईपर्यंत परतला तरच या सुपाला गोडवा येतो. आच वाढवली की कांदा करपतो आणि कडवटपणा मागे उरतो. येथील सुपात तो गोडवा तळापर्यंत टिकतो, आणि वरचे ग्रुयेर चीज वाडग्याच्या काठावर जेथे खरपूस चिकटलेले असते, तो भाग चमच्याने खरवडून खाण्यासारखा असतो.

परंतु एकच पदार्थ निवडायचा झाला, तर मी ट्राउट आमांदीन निवडेन. ट्राउट हा गोड्या पाण्यातील मासा. त्याला पिठाचा हलका हात लावून लोण्यात परततात, आणि मग लोणी तांबूस होईपर्यंत तापवून, त्यात बदामाचे काप घालून, लिंबू पिळून ते माशावर ओततात. या तांबूस लोण्याला फ्रेंच लोक हेझलनटच्या नावाने ओळखतात. पण ज्याने घरी लोणी कढवताना पातेल्याच्या तळाशी बसलेली बेरी साखर घालून खाल्ली आहे, त्याला या वासाची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही. दुधाचे कण लोण्यात भाजले जाऊन जो खमंगपणा येतो, तो दोन्हीकडे एकच. आपण बेरी गाळून तूप वेगळे करतो, फ्रेंच स्वयंपाकी तिच्यासकट लोणी वाढतो, एवढाच फरक. सगळे कौशल्य क्षण ओळखण्यात आहे, कारण अर्धा मिनिट उशीर झाला तरी बेरी काळी पडते. माझ्या ताटात ती प्रत्येक वेळी तांबूसच आली आहे, आणि एवढ्या गर्दीच्या स्वयंपाकघरात हे सातत्य राखणे मला थोर वाटते.

गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात, ते शिंपले येथे बटाट्याच्या बारीक तळलेल्या कापांसह मिळतात. एका रिकाम्या शिंपल्याचा चिमटा करून दुसऱ्यातील मांस काढत खाण्याची रीत कोकणातल्या माणसाला परकी वाटू नये. स्टेक आणि बूर्गिन्यों (रेड वाइनमध्ये मंद शिजवलेला रस्सा) हे दोन्ही गोमांसाचे आहेत. कांद्याच्या सुपातही परंपरेने गोमांसाच्या हाडांचा अर्क असतो, म्हणून ज्यांना वर्ज्य असेल त्यांनी मागवण्यापूर्वी अवश्य विचारावे. शाकाहारी पाहुण्यांना मी येथे रात्रीच्या जेवणाला नव्हे, तर सकाळच्या न्याहारीला नेतो. अंडे खाणाऱ्यांना आम्लेट असते आणि लोण्याचे क्रोसाँ असते. त्यापुढे फ्रेंच स्वयंपाकाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

आतील फरशी, आरसे आणि गर्दी यांमुळे संध्याकाळी आवाज बराच घुमतो. तो उत्साहाचा असला, तरी वडीलधाऱ्यांशी निवांत बोलायचे असेल तर दुपारी दोन-तीनची वेळ धरावी. खर्चाचा अंदाज बांधताना फिलाडेल्फियातील आठ टक्के विक्रीकर आणि वीस टक्क्यांच्या आसपासची बक्षिसी आधीच मिळवून ठेवावी. न्यू जर्सीतून येणाऱ्यांनी गाडीच्या भानगडीत न पडता पॅटको रेल्वेने पंधरावा-सोळावा आणि लोकस्ट या स्थानकावर उतरावे. तेथून लोकस्ट स्ट्रीटनेच सरळ चालत यावे. ऑक्टोबरमध्ये चौकातली झाडे पिवळी पडू लागली की बाहेरचीच खुर्ची मागावी, आणि त्यासाठी थोडे थांबावे लागले तरी थांबावे.