बजेट गेमिंग पीसीचे नऊ महिने: कुठे वाचवलेलं चाललं आणि कुठे नडलं

पीसी असेंबल केला त्याच आठवड्यात रिव्ह्यू लिहायला बसलो होतो, पण आळस केला आणि बरंच झालं. तेव्हा लिहिलं असतं तर एफपीएसचे (सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याचे) चार आकडे टाकून "एक नंबर, डोळे झाकून घ्या" म्हणून मोकळा झालो असतो. आता नव्याचे नऊ दिवस जाऊन नऊ महिने झालेत, आणि गंमत म्हणजे घेताना ज्या गोष्टींवर रात्र रात्र डोकं खपवलं त्या आता आठवतही नाहीत, आणि ज्या "काय फरक पडतो" म्हणत दोन मिनिटात उरकल्या त्या रोज आठवण करून देतात.

आधी आत काय आहे ते सांगतो. प्रोसेसर रायझन 5 5600, ग्राफिक्स कार्ड आरएक्स 6600 8 जीबीवालं, बी450 मदरबोर्ड, डीडीआर4 3200 ची 16 जीबी रॅम (आता 32), 500 जीबीची एनव्हीएमई एसएसडी, 550 वॅटचा एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) आणि एक दिसायला जबरी कॅबिनेट. त्या कॅबिनेटवर पुढे बरंच बोलायचंय. खेळतो सगळं 1080पी वर, म्हणजे फुल एचडी.

ग्राफिक्स कार्डाला बजेटच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसे गेले आणि एक दिवस पण त्याचं वाईट वाटलेलं नाही. खरं सांगायचं तर मी आरएक्स 6500 एक्सटी घेणार होतो, नावात एक्सटी आहे म्हणजे भारी असणार असा माझा आपला हिशोब, आणि 6500 आणि 6600 मध्ये असून असून किती फरक असणार. नशीब की पैसे द्यायच्या आधी स्पेक्स नीट वाचले. त्यात मेमरी 4 जीबी आणि पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याच्या, लेन फक्त चार. बोर्ड जेन 4 (या रस्त्याची चौथी पिढी) असेल तर एकवेळ चालून जातं, पण बी450 वर जेन 3, म्हणजे त्या चार लेनचा पण वेग निम्मा. कार्डावरची 4 जीबी भरली की त्याला सारखं रॅमकडे धावावं लागतं आणि रस्ता म्हणाल तर बोळ. वर त्यात व्हिडिओ एन्कोडर पण नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड करायचा तर तो भार प्रोसेसरने उचलायचा. 6600 ला आठ लेन आहेत, त्यामुळे जेन 3 वर थोडं नुकसान होत असेल पण खेळताना मला तरी कळत नाही, आणि म्हणूनच जेन 4 वाल्या बी550 बोर्डाचे पैसे वाचवून कार्डात घातले ते चांगलं झालं. सायबरपंक 2077 मीडियम आणि हाय मिसळून 60 च्या आसपास चालतो, गर्दीच्या ठिकाणी खाली येतो तेव्हा एफएसआर लावतो (चित्र लहान काढून मग मोठं करायचं, म्हणजे कार्डावरचा भार कमी). एल्डन रिंग मुळातच 60 ला लॉक आहे त्यामुळे तिथे आकड्यांची चर्चाच नको. रे ट्रेसिंग (उजेड, सावल्या खऱ्यासारख्या दाखवणं) या कार्डात आहे म्हणायला आहे, एकदा चालू करून बघितलं, परत त्या वाटेला गेलो नाही.

प्रोसेसरबद्दल बोलायला फारसं काही नाही आणि हेच त्याचं कौतुक. सहा कोर, बारा थ्रेड, सोबत कूलर फुकट, आणि व्हॅलोरंटसारखे गेम जे कार्डापेक्षा प्रोसेसरच जास्त खातात ते आरामात. फक्त 5600 आणि 5600जी मध्ये गोंधळ घालू नका. जी मध्ये आतलं ग्राफिक्स असतं, पण एल3 कॅश (प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी) 32 च्या जागी 16 एमबी आणि पीसीआयई जेन 3 पुरतंच, वेगळं कार्ड लावणारच असाल तर जी घेऊन उपयोग नाही. 5600 ज्यात बसतो ते एएम4 2016 पासूनचं सॉकेट आहे (बोर्डावरची प्रोसेसरची जागा), जुनं झालंय, माहितीये. त्यानंतरच्या एएम5 वर डीडीआर5 च लागते, मग बोर्ड आणि रॅम दोन्हीकडे पैसे वाढतात आणि ते जातात कुठून तर कार्डातून, सो नको म्हणलं. पुढेमागे वाटलंच तर याच बोर्डात 5700एक्स3डी हा वरचा प्रोसेसर बसवता येईल. बोर्ड जुन्या स्टॉकचा असेल तर बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) 5000 सिरीजच्या प्रोसेसरला चालतो का ते मात्र आधीच विचारून घ्या, नाहीतर नवा प्रोसेसर लावून काळ्या स्क्रीनकडे बघत बसाल. (काळ्या स्क्रीनकडे मी पण बघत बसलो होतो, पण माझं कारण वेगळंच होतं. अर्धा तास रॅम काढ, रॅम घाल, मदरबोर्डला शिव्या दे. धाकटा भाऊ मागून येऊन म्हणतो, "दादा, मॉनिटरची केबल कुठे लावलीयेस बघ आधी." बोर्डाच्या पोर्टात लावली होती. 5600 ला आतलं ग्राफिक्सच नाही, चित्र येणार कुठून.)

आता रॅम. इथे मी शहाणपणा केला. 8 च्या दोन स्टिक घेण्यापेक्षा 16 ची एक घेऊ, नंतर अजून एक टाकू म्हणजे 32 होतील, असा दूरदृष्टीचा विचार. पहिले तीन महिने एका स्टिकवर काढले. सरासरी एफपीएस बघितला तर ठीकच दिसायचा, त्यामुळे मला वाटायचं हे असंच असतं, पण गेममध्ये पटकन वळलं किंवा नवीन भाग लोड झाला की कच्चकन अडकायचं, अगदी क्षणभर, पण बरोबर गोळी मारायच्या वेळी. मग सरासरी सोडून 1 टक्का लो बघायला लागलो, म्हणजे सगळ्यात हळू आलेल्या फ्रेमांचा आकडा, तर तो सरासरीच्या निम्म्याला पण पोचत नव्हता. एक स्टिक म्हणजे सिंगल चॅनल, प्रोसेसरला रॅमकडे जायला अर्धाच रस्ता. त्यात बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करायचं पण राहिलं होतं, 3200 ची रॅम बिचारी 2133 वर चालत होती, आणि रायझनच्या आतल्या भागांची जोडणी पण रॅमच्याच वेगाला बांधलेली असते, म्हणजे दोन्हीकडून मार. टास्क मॅनेजर उघडून मेमरीत स्पीड काय दाखवतंय ते आज बघून घ्या, दहा सेकंदाचं काम आहे. दुसरी स्टिक घेतली, चार स्लॉट होते तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावल्या, एक्सएमपी चालू केलं, आणि ते अडकणं जवळपास गेलं. सरासरी जेमतेम वाढली. पण पीसी बदलल्यासारखा वाटला.

आणि आता ते कॅबिनेट. समोर अख्खी काच, काचेमागे तीन रंगीत फॅन, फोटोत असलं भारी दिसतं की बस. मी निव्वळ दिसण्यावर घेतलं, उगाच खोटं कशाला बोलू. दुसऱ्या महिन्यापासून अर्धा तास गेम चालला की फॅन हेअर ड्रायरसारखे सुटायचे. टेंपरेचर बघितलं तर प्रोसेसर 86, 87, आणि याची मर्यादा आहे 90. मी लगेच निष्कर्ष काढला की फुकटचा कूलर फालतू आहे, मोठा कूलर बघायला लागलो, कार्टमध्ये पण टाकला. परत आमचे बंधुराज. "दादा, बाजूचं झाकण उघडून खेळून बघ ना एकदा." उघडलं, पंधरा मिनिटात दहा डिग्री खाली. म्हणजे कूलर बिचारा त्याचं काम करत होता, पण त्याला हवाच मिळत नव्हती, तेच गरम वारं आतल्या आत फिरत होतं. ते तीन फॅन काचेवर तोंड लावून बसलेले, हवा येणार ती काचेच्या कडेच्या बोटभर फटीतून, आणि मागे हवा बाहेर टाकायला एकही फॅन नाही! कंपनीने तिन्ही पुढेच लावलेले, दिसायला पाहिजेत ना. मग समोरची काच काढून टाकली, तिथे बारीक जाळी लावली, एक फॅन काढून मागे बसवला, गेमला 120 एफपीएसची मर्यादा घातली, आणि आता 75 च्या वर क्वचित जातं. मोठा कूलर कार्टमधून काढला. तुम्ही घेणार असाल तर समोरून जाळीचं घ्या. लाइट नंतर पण लावता येतात, भोकं पाडता येत नाहीत.

एसएमपीएस हा एकच पार्ट जिथे मी कुणाचं न ऐकता बरोबर वागलो. कॅबिनेटसोबत फुकट मिळत होता, नको म्हणलं. 6600 चा खर्च 132 वॅट, प्रोसेसर 65 वॅटचा म्हणतात पण थोडं जास्तच ओढतो, बाकी सगळं धरून पण 300 च्या आत, त्यामुळे 550 भरपूर. ब्रॉन्झ आहे, पण ब्रॉन्झ गोल्ड म्हणजे वीज किती वाया जाते एवढंच, आतला माल कसा आहे ते त्या स्टिकरवरून कळत नाही, त्यासाठी वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघितलं.

एसएसडी चुकली. 500 जीबीत विंडोज आणि तीन मोठे गेम, की संपलं. चौथा टाकायचा तर कोणाला तरी नारळ द्यावा लागतो आणि डिलीट केलेला गेमच नेमका मित्रांना खेळायचा असतो. शिवाय स्वस्तातली क्यूएलसी (कमी पैशात जास्त जागा, पण लिहायला मंद अशी) घेतली, मोठी फाइल कॉपी करताना सुरुवातीला सुसाट आणि कॅश भरली की जुन्या हार्ड डिस्कची आठवण येईल इतकी मंद. गेम लोड व्हायला मात्र काही अडचण नाही, वाचण्याचा वेग ठीक आहे. बोर्डाला एम.2 स्लॉट एकच, म्हणजे आता दुसरी साटावाली (केबलने जोडायची) घ्यायची. 1 टीबी तेव्हाच घ्यायला हवी होती.

मॉनिटर 144 हर्ट्झचा आहे आणि तो मी पहिले तीन आठवडे 60 वर वापरला. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हाताने बदलावं लागतं हे माहितीच नव्हतं, उलट मित्राला सांगत होतो की 144 म्हणजे नुसतं मार्केटिंग, डोळ्याला फरक कळत नाही.

मागच्या रविवारी धूळ साफ केली. जाळीमुळे धूळ आधीपेक्षा जास्त येते, दीड दोन महिन्यांनी ब्लोअर मारावा लागतो. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर वाऱ्याने भलत्या वेगात फिरून बेअरिंगची वाट लागते. काढलेली काच अजून कपाटामागे उभी आहे, टाकवत पण नाही. पीसी आला तेव्हा सगळ्यात आधी तिचेच फोटो पाठवले होते सगळ्यांना.