साताऱ्यात मिळालेला शिक्षणव्यवस्थेच्या इतिहासाचा अभ्याससंच

केंद्रप्रमुख पदाच्या परीक्षेसाठी साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका दुकानातून मी हा संच ३४० रुपयांना घेतला. त्यात प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च शिक्षणावरच्या तीन पुस्तिका आहेत. पहिल्या प्रतीत काही पाने कोरी निघाली, ती दुकानदारांनी पावती न मागता बदलून दिली.

माध्यमिकची पुस्तिका उत्तम आहे. कोठारी आयोग (१९६४-६६), त्यानंतरचे १९६८ चे धोरण आणि १०+२+३ हा आकृतिबंध इथपर्यंतचे सगळीकडेच मिळते. पण आपल्याकडे जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली आणि अकरावी-बारावीचे वर्ग काही ठिकाणी हायस्कुलांना, तर काही ठिकाणी महाविद्यालयांना जोडले गेले, त्यामुळे एकाच टप्प्याचे शिक्षण दोन निरनिराळ्या वातावरणांत कसे वाढले, हे येथे सविस्तर समजावले आहे. उच्च शिक्षणाची पुस्तिका मात्र विद्यापीठांच्या स्थापनावर्षांच्या यादीपलीकडे फारशी जात नाही.

प्राथमिकच्या पुस्तिकेत एक चूक गंभीर आहे. १९५१ ची १८.३३ टक्के साक्षरता आणि २०११ ची ७४.०४ टक्के साक्षरता शेजारी मांडून सरळ वजाबाकी केली आहे. पहिला आकडा पाच वर्षे व त्यावरील वयाच्या लोकसंख्येवर काढलेला आहे, दुसरा सात वर्षे व त्यावरील, शिवाय ७४.०४ हा हंगामी आकडा असून अंतिम आकडा सुमारे ७३ टक्के आहे. परीक्षार्थी हेच पाठ करणार, म्हणून हे दुरुस्त व्हायलाच हवे.

त्याहून मला लागली ती शिक्षक-प्रशिक्षणाची अनुपस्थिती. तिन्ही पुस्तिकांत त्याला स्वतंत्र प्रकरण नाही. साताऱ्यात छापलेल्या संचात तरी हे राहून जायला नको होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले, १९३५ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले, आणि हायस्कूल आले ते त्यानंतर, १९४० मध्ये. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज झाले. खेड्यातल्या मुलाला आधी राहायला जागा आणि गावातल्या शाळेला आधी शिकलेला शिक्षक हवा, ही निकड या क्रमातच दिसते. रयतच्या व्हॉलंटरी शाळा, म्हणजे गावकऱ्यांच्या सहकार्याने चालवलेल्या प्राथमिक शाळा, डोंगराळ गावांपर्यंत पोहोचल्या त्या याच तयारीच्या बळावर. एक टप्पा दुसऱ्याला कसा माणसे पुरवतो, हे कळल्याशिवाय २०२० च्या धोरणाने अंगणवाडीपासून बारावीपर्यंत आखलेली ५+३+३+४ ही रचना विद्यार्थ्याला केवळ आकडे वाटेल. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना मला हा संबंध रोज दिसतो.

दुकानात पुस्तिका सुट्याही मिळतात. माध्यमिकची १२० रुपयांना आहे, तेवढी जरूर घ्यावी.