वॉन बंधू: आधी थोरला की धाकटा?
ब्लूज गिटार शिकणारा भाचा विचारतो, अमेरिकेतल्या डॅलसच्या वॉन या गिटारवादक भावांपैकी आधी कोणाचं वादन बसवू?

बोटांचे कष्ट पाहिले तर धाकटा स्टीव्ही रे अवघड. जाडजूड तारा, गिटार अर्धा स्वर उतरवून थोड्या सैल केल्या तरी कडकच, वर वेग. नवख्याच्या बोटांची सालं निघतात. थोरला जिमी मोजकेच सूर लावतो. सोपा वाटतो खरा, पण सुरांमधली रिकामी जागा सांभाळणं महाकठीण, हे फार उशिरा कळतं!

ऐकायला साठा? स्टीव्हीचा पहिला अल्बम १९८३चा आणि १९९०मध्ये हेलिकॉप्टर अपघातात तो गेलाही. जिमीने ‘फॅब्युलस थंडरबर्ड्स’ या बँडमध्ये गायक किम विल्सनच्या गाण्याला वर्षानुवर्षं साथ केली, नंतर स्वतःच्या नावावर वाजवलं.

सोलो गाजवायचा असेल तर स्टीव्ही. गायकामागे बसून साथ करायची असेल तर जिमी. भाच्याच्या बँडमध्ये गायिका आहे, म्हणून मी जिमी सुचवला.