अतिथंड आरसा: बेरिलियम की सिलिकॉन कार्बाइड?

रबाळ्याच्या एमआयडीसीत 30 अंशांना घासलेला दुर्बिणीचा आरसा अवकाशात 40 केल्व्हिनला, म्हणजे उणे 233 अंशांना जाऊन बसला, की त्याचा आकार टिकतो का? निवड इथेच ठरते.

बेरिलियम हा हलका धातू, घनता घन सेंटिमीटरला 1.85 ग्रॅम; सिलिकॉन कार्बाइड हे सिरॅमिक, घनता सुमारे 3.1. वजनाच्या मानाने ताठरपणात बेरिलियम पुढे. थंड होताना ते मीटरमागे सुमारे 1.3 मिलिमीटर आकसतं, सिलिकॉन कार्बाइड पुष्कळ कमी. पण अतिथंडीत बेरिलियमचं आकसणं जवळपास थांबतं, म्हणून जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीसाठी तेच घेतलं. तिचा आरसा षटकोनी तुकड्यांचा; प्रत्येक तुकड्याचा सुमारे 250 किलोचा ठोकळा मागून खण कोरत 21 किलोंच्या आसपास आणला. एवढं कोरलं की धातूत ताण उरतो आणि थंडीत पृष्ठभाग वाकतो. मग आम्लाने वरचा थर उतरवायचा, उष्णता द्यायची, थंड कक्षात वाक मोजायचा आणि घासताना नेमका उलटा आकार द्यायचा. फार चिकाटीचं काम आहे हे! बेरिलियमची धूळ फुफ्फुसांना घातक, त्यामुळे साध्या गाळ्यात त्याला हातही लावू नये.

सिलिकॉन कार्बाइडची दाबलेली पूड खडूसारखी असते, सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापणी यंत्रावर, सहज कापली जाते. 2000 अंशांच्या भट्टीत ती बरीच आकसते, तेवढी वाढ आधीच धरावी. नंतर फक्त हिऱ्याचं हत्यार चालतं, आणि पातळ फासळीची कड टिचली तर सांधता येत नाही. हर्शेल या अवकाश दुर्बिणीचा 3.5 मीटरचा आरसा 12 पाकळ्या जोडून याचाच केला होता.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात हात बसवायचा तर सिलिकॉन कार्बाइडच घ्यावं.