गावाला जाताना कुंड्यांचं काय? उलटी बाटली, वात, रंगाची बादली की जुना माठ

मे महिन्यात पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, पश्चिमेच्या बाल्कनीत सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत उडून जातं आणि नेमकं तेव्हाच आपल्याला कोकणात जायचं असतं. शेजारच्या काकूंकडे किल्ली देता येत असेल तर प्रश्नच नाही, नाहीतर घरातल्या भंगारातून जमणारे हे पर्याय बघा.

उलटी बाटली सगळे सांगतात, झाकणाला भोकं पाडायची आणि कुंडीत खोचायची. फुकट आणि दोन मिनिटांचं काम, पण भरवसा शून्य. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) भुसभुशीत मिक्समध्ये रात्रीतच रिकामी होते, चिकट मातीत भोकं बुजून पाणी तसंच राहतं. शनिवार-रविवारपुरती ठीक.

माझं मत विचाराल तर सुट्टीसाठी वातच. समईत तेल चढतं तसंच पाणी वातीतून मातीत चढतं आणि माती जशी सुकेल तसं ओढलं जातं, म्हणून झाड बुडत नाही. तेलाचा पाच लिटरचा कॅन साबणाने नीट धुवा, तेलकटपणा अजिबात नको. जुन्या टी-शर्टची पट्टी किंवा सुती नाडी आधी पूर्ण भिजवा, कोरडी वात लवकर पाणी ओढतच नाही. एक टोक कॅनच्या तळापर्यंत, दुसरं मुळांजवळ चांगलं खोल. कॅन कुंडीच्या जवळ आणि शक्यतो तिच्याच उंचीवर ठेवा, वीतभरापेक्षा जास्त चढायला लावू नका, आणि मधला उघडा भाग उन्हात सुकतो म्हणून त्यावर स्ट्रॉ किंवा पाइपचा तुकडा चढवा. मोगरा, कढीपत्त्याच्या मोठ्या कुंडीला एक वात पुरत नाही, दोन-तीन लागतात. सुती वात काही महिन्यांत कुजते पण सुट्टीपुरतं चालतंय की!

टोमॅटो, मिरची, वांगी लावायची असतील तर मात्र थोडे कष्ट घेऊन डिस्टेंपरची वीस लिटरची बादली करा. खाली पाणी, वर भोकं पाडलेली प्लास्टिकची चकती, तिच्या मधोमध मातीने भरलेली छोटी भोकाची डबी जी खाली पाण्यात बुडते, चकतीवर माती आणि रोप, आणि पाणी भरायला कोपऱ्यात उभा पाइप. चकतीच्या जरा खाली बादलीच्या बाजूला एक भोक हवंच, जादा पाणी तिथून वाहून जातं, ते विसरलात तर पावसात मुळं कुजणार. आपलं बोअरचं पाणी क्षारांचं, ते मातीच्या वरच्या थरात पांढरं साचतं, म्हणून अधूनमधून वरूनही भरपूर पाणी घाला.

जुना माठ गळ्यापर्यंत पुरून ठेवणं ही पद्धत मला फार आवडते पण त्याला मोठा वाफा किंवा ड्रम लागतो. आणि एक बघा, जो माठ पाणी गार करेनासा झालाय त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, मग तो मातीतही झिरपणार नाही. भरून ठेवून बाहेरून ओला होतो का ते आधी तपासा.

कोरफड, जेड, अडेनियमला यातलं काहीच लावू नका, पुदिना आणि मनी प्लांटला बिनधास्त लावा. पाण्याचं तोंड कुठलंही उघडं नको, डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि पारदर्शक कॅनला पेपर गुंडाळा नाहीतर आत शेवाळ धरतं.

निघायच्या चार-पाच दिवस आधीच सगळं लावून टाका आणि कॅनवर रोज मार्करने पातळीची खूण करा, तुमच्या बाल्कनीत ते पाणी किती दिवस पुरेल ते त्यावरूनच कळेल.